लोट्याला बदली झाली, पोट्टे सोबत न्यायचे की नागपुरातच ठेवायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांची बदली कोकणात, चिपळुणाजवळच्या लोट्याच्या एमआयडीसीत झाली, घर मनीषनगरात, मुलगी आता आठवीत जाणार, मुलगा तिसरीत, दोघंही स्टेट बोर्डात सेमी-इंग्रजीला. घरचे म्हणून राहिले की चिपळूण दरवर्षी बुडते, वादळं येतात, पोट्ट्यांना कुठे तिकडे नेता, जाऊ द्या त्यांना एकट्यालाच. तुमच्या मनात मात्र गुहागरला समुद्राजवळ घर घ्यायचं आहे, आणि शाळांचं कोणी धड सांगून नाही राहिलं. शेवटी विचारलं की इथून काय काय सामान न्यायचं. त्या सामानावर शेवटी येतो.

आधी माझी ओळख, म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलतो ते कळेल. मी विमा नुकसानीचा सर्व्हेअर. आग, पूर, वादळ काही झालं की टेप, वही अन् कॅमेरा घेऊन जायचं आणि किती नुकसान झालं, कशाने झालं ते लिहायचं, गेली पंचवीसेक वर्षं हाच धंदा. मूळ इथलाच, त्रिमूर्तीनगरचा, पण २००८ ते २०१४ आम्ही सहकुटुंब चिपळुणात होतो, पोरगा तेव्हा पहिलीत गेला अन् सातवीत परत आला. नंतर निसर्ग वादळ झालं तेव्हा अन् २०२१ च्या पुरानंतर कामासाठी पुन्हा जाऊन राहिलो. शाळेच्या बाबतीत मी फक्त एक बाप आहे, मास्तर नाही, तेवढं धरून वाचा.

तुम्ही हवामानाचा एक अन् शाळेचा एक असे दोन प्रश्न विचारले. मला विचाराल तर हा प्रश्न एकच आहे, अन् तो असा, की जुलैतल्या एखाद्या दुपारी दीड वाजता धो धो लागला, शाळेने पोरं सोडून दिली, तर तुमचा तिसरीतला पोरगा घरी कोणत्या रस्त्याने येणार, त्या रस्त्यात नदी किती, पऱ्या किती, घाट किती, आणि त्याला आणायला त्या वेळी कोण पोचू शकते. पऱ्या म्हणजे तिकडचा ओढा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, तुमच्या लक्षातही येणार नाही की इथे काही आहे म्हणून.

आमचं हेच चुकलं. मे महिन्यात घर पाहिलं, आंब्याचे दिवस, सगळं कसं छान. घर उंचावर घेतलं, सर्व्हेअर आहे ना मी, पाणी घरात येणार नाही एवढं पाहिलं अन् खुश झालो. शाळा पण चांगली, जेमतेम अडीच किलोमीटर. मधे एक पऱ्या होता अन् त्यावर बुटकी मोरी, म्हणजे छोटा पूल, ती पाहिली पण डोक्यात नाही शिरली. २०११ च्या जुलैत शाळा लवकर सुटली, व्हॅनवाला मोरीपाशी आला तर पाणी वरून चाललेलं, मागे वळला तर मागचा रस्ताही गेला. मी कामाला दूर, बायको या बाजूला उभी, पोरगं त्या बाजूला व्हॅनमध्ये. साडेचार तास. शेवटी व्हॅनवाल्यानेच पोरांना परत शाळेत नेलं, बाईंनी पहिल्या मजल्यावर बसवून चिवडा खाऊ घातला, पोरगा तर मजेत होता, पण बायकोचं काय झालं ते मलाच माहीत. पुढच्या महिन्यात घर बदललं, पहिल्यापेक्षा लहान, भाडं जास्त, पण शाळेच्याच अंगाला. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी पहिले हेच विचारतो, घर अन् शाळा एका अंगाला आहे का?

आता पुराचं. "चिपळूण दरवर्षी बुडते" हे खरं नाही, पण उगाच बोललं जाते असंही नाही. सखल भागात थोडंफार पाणी येणं तिथल्या लोकांना सवयीचं आहे, माल वर उचलून ठेवतात, पाणी उतरलं की दुकान धुवून काढतात. मोठे दोन, २००५ चा जुलै आणि २२ जुलै २०२१. या दुसऱ्यात बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, तिकडे कराड रोडला खेर्डी, सगळीकडे तळमजले गेले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून १८६४ चं जुनं वाचनालय आहे, त्याची पुस्तकं २००५ ला भिजली अन् २०२१ ला पुन्हा भिजली, एवढ्यावरून समजून घ्या.

असं का होते ते कळलं की घर निवडणं सोपं जाते. वाशिष्ठी नदी सह्याद्रीतून उतरते अन् फार थोड्या अंतरात खाडीला मिळते, भरतीचं पाणी थेट चिपळूणला लागूनच्या गोवळकोटापर्यंत वर चढते. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणीही याच नदीत येते, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहते. वरून घाटातला पाऊस, खालून भरती, मधे गाव. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती नेहमीपेक्षा उंच, आणि नेमकं त्याच दिवशी रात्रभर पाऊस पडला तर नदीला उतरायला जागाच नाही राहत. २२ जुलै २०२१ म्हणजे गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, बघा कॅलेंडर. तिथे राहायला गेल्यावर तुम्हीही तिथी पाहायला शिकाल, आमच्या घरी कालनिर्णयचं तेच काम होतं, उपवास नंतर.

पण त्याच चिपळुणात त्याच दिवशी अशीही घरं होती जिथे पाण्याचा थेंब नाही गेला, अन् ती बुडालेल्या घरांपासून पाच-सातशे मीटरवर होती. म्हणून गावाच्या नावावर निर्णय घेऊ नका, पाचशे मीटरवर घ्या. नागपूर सेफ असं तरी कुठे आहे? २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तर रात्रीतून डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत माणसं गच्चीवर गेली, मी दुसऱ्या दिवशीपासून तिथेच होतो, अन् तुमच्या मनीषनगरातले लोक सकाळी उठून बातम्या पाहून राहिले होते. तीच गोष्ट.

घर पाहताना मी काय करतो ते सांगतो. मालकाला अन् एजंटला पुराचं विचारतच नाही, ते "इथे कधीच नाही" म्हणणार. रिक्षावाल्याला, किराणावाल्याला, वॉचमनला विचारतो, अन् प्रश्न "पाणी येते का" असा नाही, "दोन हजार एकवीसला पाणी कुठवर होतं" असा. माणूस आपोआप हात छातीशी नेतो नाहीतर भिंतीकडे बोट दाखवतो. मग मीटरचे बॉक्स पाहा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये ते खांद्याच्या वर नवीन लावलेले दिसले तर का, ते समजा. भिंतीला खालून चार-पाच फूट नवीन प्लास्टर अन् वर जुनं, हीपण खूण. दुकानात खाली रॅक रिकामे अन् सगळा माल माळ्यावर, हीपण. आणि नगरपालिकेत पूररेषेचा नकाशा असतो, निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. चिपळुणात या रेषांवरून लोकांचा बराच विरोध झाला, कारण अर्धं गाव त्यात येते अन् बांधकामाला अडते, तो वाद आपला नाही, तुम्ही फक्त घर रेषेच्या कोणत्या बाजूला ते पाहा. भाड्याने घेताना दुसरा मजला बघा. गाडी मात्र खालीच राहते, तिची सोय वेगळी विचारा, पावसाची रात्र असली की लोक उंचावरच्या रस्त्यावर गाड्या नेऊन लावतात, ती जागा कोणती ते शेजारी सांगतील.

उंचावर म्हणून डोंगराला अगदी चिकटून पण नको. हे विदर्भातल्या माणसाला लवकर नाही समजत, कारण आपल्याकडे डोंगर अंगावर येत नाही. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं गेली. २०२३ च्या जुलैत खालापूरजवळ इर्शाळवाडी, तीही दरडीखालीच. बंगल्यामागे डोंगर उभा कापलेला असेल, संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं नसतील किंवा बुजली असतील, वरची झाडं तिरपी झाली असतील, तर कितीही सुंदर व्ह्यू असू द्या, सोडून द्या. पावसात भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलं तर त्या रात्री तिथे झोपायचं नाही, एवढं साधं.

आता तुमच्या केसमधली खरी अडचण, घाट. लोटे दोन घाटांच्या मधे बसलं आहे. दक्षिणेला परशुराम घाट उतरून वाशिष्ठी ओलांडली की चिपळूण, उत्तरेला भोस्ते घाट उतरला की भरणे नाका अन् खेड. म्हणजे मिस्टर रोज कुठूनही गेले तरी एक घाट आहेच. परशुराम घाटात दरडीमुळे रस्ता बंद झाल्याचे प्रकार होतात, २०२२ ला तर चौपदरीकरणाच्या कामासाठीच तो रोज काही तास बंद ठेवायचे, लोक चिरणी-कळंबस्तेच्या आतल्या रस्त्याने जायचे. तेव्हा हिशेब असा धरा की वर्षातून काही दिवस मिस्टर घरी येऊ शकणार नाहीत, तिकडेच कोणाकडे राहतील. मग ते दिवस तुम्ही एकट्या अन् दोन पोरं, म्हणून तुम्ही तिघं एका अंगाला हवे. तुम्हालाही तिकडे नोकरी करायची असेल तर तीसुद्धा त्याच अंगाला शोधा, हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही म्हणून मीच विचारतो.

मग लोट्यालाच का नाही राहायचं? राहता येते, पण ती रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, लहान पोरं घेऊन मी तरी कंपाउंडला लागून घर घेतलं नसतं. खेडचं म्हणाल तर तिथे जगबुडी नदी आहे, नावातच सगळं आलं, बाजारपेठेत पाणी शिरते. तिथेही उंच भाग आहे, शाळा आहेत, चिपळूणपेक्षा गाव लहान. दापोली मला स्वतःला फार आवडते, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, उंच वसलेलं, पुराची भीती नाही, कृषी विद्यापीठामुळे बाहेरून आलेल्या लोकांची सवय, शिक्षणाचं वातावरण जुनं. पण मिस्टरांना रोज खेडवरून लोट्याला यायचं म्हणजे पावसाळ्यात तास-सव्वा तास एका बाजूने, दोन वर्षांत कंबर सांगेल. गुहागर सोडा. राग मानू नका, समुद्र सुंदर आहे, पण गुहागर ते चिपळूण, मग वाशिष्ठी, मग घाट, मग लोटे, अन् परत. समुद्र रविवारी पाहा, चिपळूणहून दीड तासात पोचता. पुढे कधी किनाऱ्यावर जागा घ्यायची झाली तर भरतीरेषेपासून किती अंतर, सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारपट्टीत, किती येते, हे वकिलाकडून पाहून घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

वादळाची भीती लोकांना सगळ्यात जास्त असते, मला त्यामानाने कमी वाटते. अरबी समुद्रातली बरीचशी वादळं गुजरातकडे नाहीतर ओमानकडे निघून जातात, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट येणारं क्वचित. मी तिथे असताना नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची माणसं गेली, आमच्याकडे चिपळुणात वारं, पाऊस अन् रात्रभर अंधार. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडात किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर, रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार नावाचं जहाज येऊन रुतलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातला गेलं. निसर्गनंतर मी श्रीवर्धन, दापोली भागात फिरलो, पक्क्या स्लॅबच्या घरात फार काही झालेलं नव्हतं, काचा, टाक्या, सोलर. गेले ते पत्रे अन् कौलं, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, सुपारीचं झाड पुन्हा उभं राहायला वर्षं लागतात, त्या लोकांचं दुःख वेगळंच. काही गावांत लाइट यायला कितीतरी आठवडे गेले. तेव्हा तुमच्यासाठी वादळ म्हणजे मुख्यतः लाइट, पाणी, मोबाइल बंद, हे धरा. स्लॅबचं घर, पश्चिमेच्या खिडक्या धड, डोक्यावर झुकलेलं नारळाचं झाड नाही, इन्व्हर्टर, आठ दिवसांचा किराणा, थोडी रोख. तिकडे याला आगोटीची बेगमी म्हणतात, पावसाच्या आधी कांदे, मिरची, मसाला, डाळी भरून ठेवायचं, जुनी रीत आहे अन् अजून कामाची आहे. आणि चेतावणी आता दोन-तीन दिवस आधी मिळते, पुरात मात्र कधी कधी फक्त रात्र मिळते, म्हणून पुरावर मी एवढं लिहिलं.

इथपर्यंत थोडक्यात, पूर हा घराच्या जागेचा प्रश्न, दरड हा डोंगर अन् घाटाचा, वादळ हा तयारीचा. तिघांचंही उत्तर तुमच्या हातात बऱ्यापैकी आहे. शाळेचं तेवढं नाही, कारण चांगली शाळा जिथे आहे तिथेच आहे, ती उचलून उंचावर नेता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा, आधी शाळा ठरवा, मग तिच्या अंगाला घर शोधा. लोक उलटं करतात, मीही केलं.

शाळांबद्दल एक गैरसमज आधी काढतो. दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग पहिला अन् आपला नागपूर विभाग बहुतेक खाली, २०२४ ला कोकण ९९.०१ टक्के अन् नागपूर ९४.७३, सगळ्यात शेवटी. ते वाचून लोकांना वाटते तिकडच्या शाळा भारी. कोकण विभागात रत्नागिरी अन् सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात, मुलांची संख्या थोडी, आपल्याकडे सहा जिल्हे, त्यात गडचिरोलीही आलं. निकालावरून तुमच्या मुलीला कोणती शाळा मिळेल ते कळत नाही. माझा अनुभव असा की मास्तर लोक मन लावून शिकवतात, वर्ग लहान, पोरं शांत, शुद्धलेखनाचा आग्रह फार. आमचा पोरगा घरी येऊन मलाच सुधारायला लागला, "बाबा, करून राहिलो नाही, करतो आहे म्हणायचं." पहिले दोन महिने पोरांनी त्याच्या बोलीवर हसून घेतलं, मग तोच त्यांना "काऊन बे" शिकवून आला.

तुमच्या दोघांचं वेगवेगळं पाहा. तिसरीतल्याला काही फरक पडत नाही, त्याला मित्र आठ दिवसांत होतील. मुलीचं नाजूक आहे. आठवीत बदल झाला तर दहावीपर्यंत तिला तीन वर्षं मिळतात, नववीत झाला तर दोन, अन् दहावीच्या वर्षात तर हात लावायचाच नाही. म्हणून "एक वर्ष थांबू, पाहू, मग जाऊ" हे ऐकायला शहाणपणाचं वाटते पण तिच्या हिशेबाने महाग आहे. जायचं तर या जूनलाच, नाहीतर तिची दहावी झाल्यावर. दोघंही स्टेट बोर्डात आहेत हे तुमचं नशीब, पुस्तकं तीच, सेमी-इंग्रजीही मिळते, सीबीएसई असतं तर पर्याय फार थोडे उरले असते अन् तिथलं वर्ष एप्रिललाच सुरू होते. अकरावीचं विचाराल तर नीट-जेईईच्या क्लासेसच्या बाबतीत नागपूरची बरोबरी तिकडे नाही, हे स्पष्ट सांगतो. तेव्हा तीन वर्षांनी पुन्हा एकदा घर फिरवायची वेळ येऊ शकते, आमच्यासारखी. मिस्टरांची बदली किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाही, तीन वर्षांची असेल तर सगळं जमून येते, कायमची असेल तर अकरावीचा विचार आत्ताच सुरू करा.

शाळेत गेल्यावर इमारत, स्मार्ट बोर्ड हे सगळे दाखवतील. तुम्ही विचारा की मागच्या जुलैत किती दिवस शाळा बंद होती अन् तो अभ्यास कधी भरून काढला. रेड अलर्ट आला की कलेक्टर सुट्टी देतात, रेड म्हणजे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, ऑरेंज म्हणजे ११५.६ च्या वर, तिकडे ऑरेंजला पोरं बहुतेक वेळा शाळेत जातात. सुट्टीचा निरोप किती वाजता, कुठे येतो? पाणी आलं तर पोरं कोणत्या मजल्यावर ठेवता, खाणं-पाणी असते का? व्हॅन कोणत्या रस्त्याने जाते, ड्रायव्हर तोच असतो का? गणित अन् सायन्सचे शिक्षक भरलेले आहेत की पद रिकामं आहे? हा शेवटचा प्रश्न मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचा, अन् याचं उत्तर मुख्याध्यापक गुळमुळीत द्यायला लागले तर समजून घ्या. जमलं तर शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून दोन-तीन आयांशी बोला. आणि सुट्ट्यांचं गणित वेगळं आहे, गणपतीला शाळा काय, सगळं कोकणच बंद असते, शिमग्यालाही हजेरी पातळ, दिवाळीत नागपूरला यायचा प्लॅन करताना ते पाहून करा.

तारखांची एक गोम. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, तिकडे पंधरा जूनच्या आसपास. म्हणजे तुमचे आठ-पंधरा दिवस कमी, अन् सात जूनच्या सुमारास तिकडे पाऊस लागलेला असतो. सामानाचा ट्रक पहिल्या पावसात कुंभार्ली घाट उतरायला लावू नका, आमचा अर्धा कपाशीचा गादीसेट तिथेच भिजला होता. पंचवीस मेच्या आत सामान पोचलं पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला निकाल लागल्या लागल्या मागा, सरल अन् यू-डायस या सरकारी विद्यार्थी-नोंदींतलं नाव, जन्मतारीख, आधारशी जुळते का ते इथेच तपासा, तिकडे गेल्यावर एका अक्षरासाठी नागपूरची शाळा उघडायची वाट पाहावी लागते. जातीचा दाखला लागत असेल तर तोही इथूनच काढून न्या.

कागदांचं निघालंच आहे तर, २०२१ ला चिपळुणात एका घरी सर्व्हेला गेलो, फ्रिज उलटा, सोफा चिखलात, अन् ते कुटुंब दोरीवर चिमटे लावून पोरींच्या मार्कशीट वाळवत होतं. बाई मला म्हणाल्या फ्रिजचं नंतर लिहा. तेव्हापासून आमच्या घरचे सगळे कागद स्कॅन करून ठेवले आहेत, डिजिलॉकरमध्ये जे मिळते ते तिथे, बाकी मेलवर, अन् मूळ कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत वरच्या कप्प्यात. फुकट काम आहे, एक रविवार लागतो.

विमा, माझा विषय आहे म्हणून लांबवत नाही. भाडेकरूलाही घरातल्या सामानाचा विमा घेता येतो, हेच बऱ्याच जणांना माहीत नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे आहे, पूर, वादळ, दरड त्यात येते. ओल आली, बुरशी आली, छत हळूहळू गळलं, याचे पैसे मिळत नाहीत, अन् तिकडे ते रोजचं आहे. घेतल्यावर एकदा मोबाइलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढून ठेवा, कपाटं उघडून. गाडीला इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर जोडून घ्या, आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका, बुडालेली गाडी दुरुस्त होते, पाणी आत असताना स्टार्ट केलेली गाडी इंजिन घेऊन जाते, मग साध्या पॉलिसीत ते बसत नाही, लोक माझ्याशी भांडतात अन् मी काहीच करू शकत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, असं तुम्ही विचारलं. मी या जूनला सगळ्यांना घेऊन गेलो असतो. चिपळुणात, मुलीसाठी शाळा पक्की करून, शाळेच्याच अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर. विकत काहीही नाही, दोन पावसाळे काढल्याशिवाय नाही, कारण पहिल्या जुलैत काहीतरी चूक निघणारच, अन् भाड्याची चूक एका महिन्यात दुरुस्त होते. पण याला दोन अपवाद. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. आणि मुलीला मनापासून जायचं नसेल, तर तिला जुलैत नाही तरी एकदा निदान मेमध्ये तिथे नेऊन आणा, शाळा दाखवा, मग विचारा. तेरा वर्षांची पोट्टी आहे, तिचंही ऐकावं लागते.

राहिलं सामान. रेनकोट, गमबूट इथून नेऊ नका, तिकडचे टिकाऊ असतात. लाकडी दिवाण न्या, प्लायवूडचं कपाट विकून टाका, ते फुगते. लोखंडी पलंगाला अन् पोरांच्या सायकलींना जाण्याआधी रंग मारून घ्या, दमट हवेत गंज लवकर चढते. तुरीची डाळ अन् संत्र्याची बर्फी न्या, शेजारी त्यावरच जुळतात. आणि तो मोठा कूलर, ज्याचं तुम्ही खास विचारलं, तो इथेच कोणाला तरी देऊन टाका, त्या दमट हवेत कूलर लावला तर घरातच पाऊस पडते. आम्ही नेला होता, सहा वर्षं त्यात कांदे ठेवले.